सातवा प्रश्न आणि पांझरेचा पाट

तन्वीच्या साठ फॉर्मांनी मला खानदेशात नेलं. नाहीतर जानेवारीत पेपर तपासायचे सोडून रेल्वेत बसणाऱ्यांतला मी नव्हे.

मी पर्यावरण धोरण शिकवतो. दरवर्षी चार-पाच मुलं माझ्या हाताखाली प्रबंध लिहितात. विषय एकेकाचे असे असतात की घरी सांगायची सोय नाही. एक पोरगा दोन वर्षं घुबडांच्या मागे होता, तर एक मुलगी नगरपालिकेच्या कचरागाडीमागे. तन्वी मूळची लांज्याची. तिने धुळे जिल्ह्यातली फड पद्धत घेतली. नदीवर छोटा बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाण्याचा कारभार गावाच्या पंचांनी बघायचा. मी हे वर्गात बावीस वर्षं शिकवतो आहे. प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, हे मात्र मुलांना सांगायची वेळ आली नव्हती.

प्रश्नावली माझी, घासूनपुसून तयार केलेली. तिच्यातला सातवा प्रश्न असा : 'तुम्ही शेताला आठवड्यातून किती तास पाणी देता?' तन्वीच्या जवळजवळ सगळ्या फॉर्मांवर उत्तर एकच, 'देत नाही'. त्याखाली पीक म्हणून ऊस आणि गहू. पाणी न देता ऊस येतो हे आमच्या तासगावात कळलं असतं, तर माझ्या वडिलांनी उसाच्या सरीत रात्री काढल्या नसत्या. शिवाय दोन वर्षांपूर्वी निनाद नावाच्या माझ्याच विद्यार्थ्याने त्याच गावात तीच प्रश्नावली वापरली होती. त्याचा रकाना भरलेला होता. कोणी सहा तास, कोणी आठ. तो प्रबंध मी अजून मुलांना नमुना म्हणून दाखवतो.

तन्वीला बोलावलं. "हे फॉर्म कुठे बसून भरलेस?"

"गावातच, सर. तिथे पाणी..."

"मला गोष्टी नकोत. फॉर्मवर जे आहे तेवढंच मी बघतो."

रडेल असं वाटलं होतं, पण ती रागावली होती. "मग एकदा येऊन बघा, सर," एवढं म्हणून तिने फॉर्मांबरोबर आणलेली वही टेबलावर ठेवली आणि गेली. वही मी कपाटात टाकली. माझा नियमच आहे की शेरे-ताशेरे नकोत. प्रश्न बदलायचा नाही, समजावून सांगायचा नाही, समोरचा म्हणेल तेच लिहायचं. प्रश्नावलीतला शेऱ्याचा रकाना मीच काढून टाकला होता, कारण मुलं त्यात निबंध लिहितात.

सोमवारी समितीची बैठक होती. 'माहिती विश्वासार्ह नाही, नोंदणी रद्द करावी' असा शेरा मी लिहून बॅगेत ठेवला. तो दिला की तन्वीचं वर्ष जाणार आणि खोटे फॉर्म भरणारी म्हणून नावाला डाग लागणार, तो वेगळा. म्हणून एकदा जाऊन खात्री करणं माझं कर्तव्य आहे, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मला तिला रंगेहाथ पकडायचं होतं.

सावदा, गुरुवार

आधी सावद्याला गेलो. पुढच्या वर्षी एका मुलाला केळी आणि भूजल हा विषय द्यायचा होता, त्याची जागा बघून घ्यायची होती. भुसावळला उतरलो तेव्हा थंडी चांगली होती. खानदेश म्हणजे ऊन एवढंच डोक्यात असल्यामुळे मी स्वेटर आणला नव्हता. प्रकाशभाऊ नावाचे केळी-बागाईतदार घ्यायला आले होते. त्यांनी मला एकदा खालून वर बघितलं आणि गाडीतली आपली शाल काढून दिली.

सावद्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीच केळी. एका बागेत कापणी चालली होती. माणसं डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक घड अलगद आणत होती आणि ट्रॅक्टरमध्ये पाल्याच्या गादीवर निजवत होती. घडाला ओरखडा आला की व्यापारी नाक मुरडतो, असं प्रकाशभाऊंनी सांगितलं. आमच्याकडे ऊस तोडून मोळ्या नुसत्या भिरकावतात. इथला तो नाजूकपणा बघून मला मौज वाटली.

मी फॉर्म काढला आणि सातवा प्रश्न विचारला.

"रोज चार घंटे," प्रकाशभाऊ ताडकन म्हणाले. "लाईन असली तं. एक आठवडा दिवसा राह्यते, एक आठवडा रात्री. मले बठ्ठं पाठ आहे, सर. झोपेत विचारा."

त्यांनी वीज येण्या-जाण्याचा मिनिटांसकट हिशेब दिला. कोणत्या कूपनलिकेचं पाणी किती खाली गेलं, हेही सांगितलं. वडिलांच्या वेळी विहिरीत हात घातला की पाणी लागायचं, आता खाली बघितलं तर अंधार दिसतो, असं म्हणताना त्यांचा आवाज जरा उतरला. पण माझं लक्ष फॉर्मकडे होतं. रकाना कसा नीट भरला होता! प्रश्नावलीत काही खोट नाही, याची खात्री पटली आणि तन्वीबद्दलचा संशयही पक्का झाला.

दुपारी बागेतच भरीत. हिरवी, बिनकाट्याची, हातभर लांब वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली. मग ती लाकडाच्या बडगीत मिरची-लसणाबरोबर कुटली आणि वर सढळ हाताने तेल ओतलं. आमच्याकडे भरीत म्हणजे दही घालून केलेला एका कोपऱ्यातला प्रकार. इथे भरीत हेच जेवण, सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. केळीच्या पानावर मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथीला नको म्हटलं तेव्हा प्रकाशभाऊंना खरोखर वाईट वाटलं.

धुळे, शुक्रवार

जळगाववरून एसटीने धुळ्याला आलो. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एकच. लॉजखालच्या खानावळीत शेवभाजी मागवली आणि वर "तिखट कमी" असं म्हणालो. पोऱ्याने आत ओरडून सांगितलं, "एक शेवभाजी, पाहुण्याची!" आली ती लालभडक. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. शेजारच्या टेबलावरचे एक आबा शांतपणे म्हणाले, "हाई कमीच शे." मी ताक मागवलं.

येतोय असं तन्वीला कळवलं होतं, तिचा फोन आला. "सर, उद्या फाट्यावर थांबते." आवाजात आदर होता, पण त्यापलीकडे काही नव्हतं.

पांझरेकाठी, शनिवार

साक्रीच्या रस्त्याला फाट्यावर ती उभी होती. उन्हाने चांगलीच रापली होती. फॉर्म घरी बसून भरणारी पोरगी अशी रापत नाही, हे मनात आलं खरं, पण मी ते झटकून टाकलं. ती गावात ज्यांच्याकडे राहते त्या अक्कांनी दारातच सांगितलं, "आंडेर गुनी शे, सर. रोज सकायले वही लिखस." आंडेर म्हणजे लेक. मी मान डोलावली. आपल्या घरी राहणाऱ्या पोरीबद्दल कोण वाईट बोलेल?

चहा झाल्यावर म्हटलं, "मी एकटाच जातो. तू येऊ नकोस." साक्षीदाराला शिकवलेलं असू नये, असा माझा डाव.

गाव बघून डोळे निवले. बंधारा म्हणजे काळ्या दगडांची जुनी, बुटकी भिंत. तिच्यावरून पांझरेचं पाणी पातळ पडद्यासारखं सांडत होतं. बाजूने पाट निघाला होता आणि पुढे गहूच गहू. बांध आहेत पण जाणवत नाहीत, इतकं एकसारखं पीक. पलीकडच्या फडात ऊस. पायाखालची माती ओलीगच्च. माझे बूट पहिल्या दहा मिनिटांत चिखलाने भरले.

गव्हात एक जण तण उपटत होता. मी फॉर्म काढून प्रश्न जसाच्या तसा विचारला.

"पानी?" तो सरळ उभा राहिला. "पानी मी नही देस."

गुडघाभर हिरव्यागार गव्हात उभा राहून मला सांगतोय! मी त्याच्याकडे बघितलं, माझ्या बुटांकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला. उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न, हा माझाच नियम. पुढे एक बाई भेटली. तीही पाणी देत नाही. मग एक म्हातारा भेटला, त्यानेही मान हलवली. सगळं गाव मिळून माझी थट्टा करतंय आणि तन्वीने सगळ्यांना पढवून ठेवलंय, असं मला वाटायला लागलं. डोकं तापलं.

तेवढ्यात एक वाफा भरून पाणी बांधावरून पलीकडे जाताना दिसलं. आसपास कोणी नव्हतं. पाटाच्या तोंडाशी एक फावडं मात्र रोवून ठेवलेलं होतं. मी शेतकऱ्याचा मुलगा. पाणी फुकट जाताना बघवत नाही. फावडं उचललं, दोन ढेकळं टाकून ते तोंड बंद केलं आणि शेजारचं उघडलं. लहानपणीचा हात अजून विसरला नव्हता. स्वतःवर खूश होऊन मी घाम पुसत होतो.

"ओ भाऊ! ठेवा ते फावडं! पाटले हात लावानं नही!"

धोतर खोचलेला एक साठीचा माणूस लांबून धावत येत होता. हे भिलाआबा. आल्या आल्या त्यांनी फावडं माझ्या हातातून काढून घेतलं, मी केलेलं सगळं मोडलं आणि होतं तसं केलं. ते पाणी वाया जात नव्हतं. खालच्या वावराला बांधावरूनच जायचं होतं. मला काही बोलायची संधी न देता ते मला गावात मारुतीच्या पारावर घेऊन गेले, चोर पकडून आणावा तसे. तिथे नाना बसले होते, पंचांतले थोरले. अक्कांच्या घरातून तन्वीही धावत आली.

भिलाआबांनी तक्रार सांगितली. नाना हसू दाबत म्हणाले, "दंड पडी. एक नारय अन् दहा पावलं गाय."

तन्वीने हळूच सांगितलं, "नारळ मारुतीला, आणि दहा पावलं पाटाचा गाळ काढायचा, सर."

"पण मी पाणी वाचवत होतो!" मी म्हणालो. "आणि तुमचे शेतकरी कुठे आहेत? पाणी सोडून माणसं बेपत्ता! आमच्याकडे पाळी आली की माणूस रात्रभर बांधावर उभा असतो."

"कसाले?" नानांनी विचारलं.

"कसाले म्हणजे? आपल्या शेताला पाणी द्यायला! शेजाऱ्याने फोडून नेऊ नये म्हणून!"

नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तुम्ही जे तोंड बंद कयं ना, सर, ते मनंच वावर शे. पन मी बी हात नही लावस. चाळीस वरीस व्हई गयात. पानी पाटकरी देस. हाऊ भिला. वरतून खाले, एकेक वावर. कोन्हं शे ते तो देखस नही. भरनं का पुढलं. ज्यानं त्यानं पानी देवाले लागनं ते भांडनंच व्हतीन."

पारावर बसलेले दोघे-तिघे हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या शेजारी पारावर बसलो.

पाटकरी हा शब्द मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितोय. त्याच्यापुढे 'पाण्याचे वाटप करणारा' असा अर्थही लिहितो. माझ्या मनातला पाटकरी पाटाचं तोंड उघडून निघून जायचा आणि पुढे शेतकरी आपापलं पाणी फिरवायचा, कारण तासगावात तसंच असतं. शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात पाण्याला हातच लावायचा नाही, लावला तर दंड, आणि तरीही घरी निवांत बसायचं, असा भरवसा माणसं एकमेकांवर टाकत असतील हे माझ्या कल्पनेत बसत नव्हतं. त्या साठ माणसांनी खरं तेच सांगितलं होतं आणि तन्वीने सांगितलं ते लिहिलं होतं. खोटा होता तो माझा प्रश्न.

"नाना," मी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता ना इथे? निनाद?"

"उंथा ना. बंधारावर फोटू काढात, चहा पिना, साडेचारनी बसवर गया. माले एकच विचारं, बाकी कोन्हाले काही विचारं नही." मग तन्वीकडे हात करून म्हणाले, "या पोरनी आम्हले ईट आनं विचारी विचारी."

तन्वी खाली बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी दंड भरला. एका कोरड्या पोटपाटात भिलाआबांनी पावलं मोजून दिली आणि फावडं हातात दिलं. चार पावलं काढली आणि पाचव्याला कंबरेत अशी उसण भरली की वाकलेला मी सरळ होईना. तन्वी पुढे झाली आणि तिने फावड्याला हात घातला. नानांनी काठावरून अडवलं. "नही बेटा. ज्यानी हात लावा, त्यानीच गाय काढाना."

"सहा पावलं राहिली, नाना," मी कण्हत म्हणालो.

"राहू द्या. आखाजीना पहिले बठ्ठं गाव पाट साफ करस. तव्हय या."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. येतो म्हणालो. अक्कांनी कंबरेला शेक दिला आणि रात्री कढीबरोबर फुनके वाढले. तुरीची डाळ भिजवून, वाटून, मुटके करून वाफवतात, ते हे फुनके. जेवताना तन्वीला म्हणालो, "तू मला त्या दिवशी हेच सांगत होतीस?"

"हो, सर."

"मग जोर देऊन का नाही सांगितलंस?"

"वहीत लिहिलं होतं, सर."



परत

रविवारी संध्याकाळी घरी न जाता आधी कॉलेजवर गेलो. कपाटातून वही काढली. पहिल्याच पानावर तन्वीचं नीटस अक्षर : 'सर, सातवा प्रश्न इथे लागू होत नाही. पाणी शेतकरी देत नाहीत, पाटकरी देतो. काय करू ते विचारायला फोन केला, तुम्ही म्हणालात की फॉर्म बदलायचा नाही. उत्तर आहे तसं लिहिते आहे.' असा फोन आल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. पुढची सगळी पानं भरलेली. कोणत्या दिवशी कोणत्या वावराला पाणी गेलं, कोणाला दंड झाला, कोण रुसलं आणि त्याची समजूत कोणी काढली, सगळं. आख्खा प्रबंध त्या वहीत होता आणि ती माझ्या कपाटात पडून होती.

मग निनादला फोन लावला. तो आता चांगल्या नोकरीत आहे. मी काही आडपडदा न ठेवता विचारलं. "गेलो होतो, सर," तो म्हणाला. "पहिलं ज्यांना विचारलं ते नानाच होते. पाणी देत नाही म्हणाले. मला कळलं की रकाना रिकामा राहणार. आणि रिकामा रकाना तुम्हाला चालत नसे."

त्याला रागवायला फोन केला होता. न रागावताच ठेवला. त्याने मला काय हवं ते बरोबर ओळखलं होतं आणि मी त्याला पैकीच्या पैकी दिले होते.

सोमवारी समितीपुढे बॅगेतला शेरा फाडला आणि वहीचं पहिलं पान वाचून दाखवलं. निनादचा प्रबंध टेबलावर ठेवला आणि तो नमुना म्हणून मीच दाखवत होतो, हेही सांगितलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे चूक नेमकी कोणाची?" मी म्हणालो, "प्रश्नावलीची. आणि प्रश्नावली माझी." निनादच्या प्रबंधाचं काय करायचं ते ठरायचं आहे. माझीही चौकशी व्हावी असं मी लेखी दिलं आहे. तन्वीची नोंदणी कायम राहिली आणि तिला वाढीव मुदतही मिळाली.

बाहेर आल्यावर तिला प्रश्नावली दिली आणि सातवा प्रश्न तूच लिही म्हणालो. तिने तिथेच जिन्यात बसून जुनी ओळ खोडली आणि लिहिलं : 'तुमच्या शेताला पाणी कोण देतं?' मग थोडा विचार करून कागदाच्या तळाशी शेऱ्याचा रकाना आखला, चांगला अर्ध्या पानाचा. तो मी राहू दिला.

कंबर आता बरी आहे. आखाजीच्या आधी दोन दिवस रजा टाकली आहे. सहा पावलं राहिली आहेत, आणि ती मलाच काढायची आहेत.